पोयाच्या माश्यांचे मार्कर बनवताय? मग आधी नर पकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा रत्नागिरीकडे पोयाच्या माश्यांवर, म्हणजे त्या डंख नसलेल्या बारक्या काळ्या माश्यांवर, पीएचडी करतोय. गाईडने सांगितलंय की मायक्रोसॅटेलाईट मार्कर, म्हणजे डीएनएत दोन-चार बेसचे (अक्षरांचे) तुकडे पुन्हापुन्हा येतात त्या जागा, डेव्हलप कर आणि पॉप्युलेशन स्टडी कर. त्याने १० कॉलन्यांतून प्रत्येकी २० अशा २०० माश्या आणून ठेवल्यात. आता तो विचारतोय की ऑस्ट्रेलियातल्या जातींचे छापून आलेले प्रायमर, म्हणजे हवी ती जागा पकडून तिच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरू का स्वतःचे बनवू, मार्कर किती लागतील, आणि मायक्रोसॅटेलाईट आता जुनं झालंय का, सरळ एसएनपीवर, म्हणजे एकेका बेसच्या फरकांवर, जाऊ का.

सगळ्याची उत्तरं देते, पण आधी जरा कडू बोलते, रागावू नका. तुम्ही २०० म्हणताय त्या माश्या पॉप्युलेशनच्या हिशोबात १०च धरल्या जाणार. पोयाच्या माश्यांच्या बहुतेक जातींत राणी आयुष्यात एकाच नराशी जमते, आणि नर हॅप्लॉइड असतो, म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक जीनची एकच प्रत, ती तो सगळ्या मुलींना जशीच्या तशी देतो. त्यामुळे एका कॉलनीतल्या सगळ्या कामकरी माश्या सख्ख्या बहिणी, आणि साध्या सख्ख्या बहिणींपेक्षाही जवळच्या, नातं ०.५ नाही तर ०.७५. एका लोकसवर, म्हणजे डीएनएतल्या एका ठरावीक जागी, एका कॉलनीत जास्तीत जास्त तीन ॲलील, म्हणजे त्या जागेची रूपं, दिसणार, राणीचे दोन आणि बापाचा एक, मग तुम्ही २० माश्या काढा नाहीतर २०००.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, स्वतः आपटलेय. सुरुवातीच्या काळात आम्ही सहा कॉलन्यांतून प्रत्येकी १५ माश्या घेतल्या, सगळ्या जिनोटाईप केल्या, म्हणजे प्रत्येकीचे ॲलील वाचले, नमुने गटांत वाटून देणाऱ्या स्ट्रक्चर सॉफ्टवेअरला घातल्या आणि काय सुंदर चित्र आलं म्हणून सांगू, सहा स्वच्छ रंग, एकात एक मिसळलेला नाही. आठवडाभर आम्ही हवेत. मग लॅबमध्ये सहज डोकावलेल्या एका सीनियर बाईंनी विचारलं की हे सहा रंग म्हणजे ती सहा घरंच ना गं? झालं. सॉफ्टवेअरने आम्हाला पॉप्युलेशन नाही, कुटुंबं दाखवली होती, आणि ती तर आम्हाला आधीच माहीत होती, आम्हीच बाटल्यांवर नंबर टाकले होते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मार्कर किती हा नाहीये. एक माशी कोणाची प्रतिनिधी आहे, आणि तुम्हाला नक्की काय शोधायचंय, हे आधी ठरवा, मार्करची संख्या त्यातून आपोआप निघते. सह्याद्रीच्या वरच्या आणि खालच्या माश्या एकमेकींत मिसळतात का, असा प्रश्न असेल तर प्रत्येक ठिकाणच्या २५-३० कॉलन्या आणि प्रत्येकीची एक माशी. एका गावात किती कॉलन्या आहेत किंवा नर किती लांबून येतात असा प्रश्न असेल तर डिझाईन वेगळं. राणी खरंच एकदाच जमते का हे बघायचं असेल तर मात्र कमी कॉलन्या आणि प्रत्येकीच्या पुष्कळ माश्या, तिथे तुमचे २०-२० चे लॉट कामाचे आहेत. म्हणजे आणलेलं वाया गेलेलं नाही, ते फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि एक गंमत आहे, ती वापरा. एका कॉलनीच्या ८ कामकरी जिनोटाईप केल्या तर राणी आणि तिचा नवरा दोघांचे जिनोटाईप उलगडून काढता येतात. राणी १५२/१५८ असेल आणि बाप १५५ (हे आकडे म्हणजे तुकड्याची बेसमधली लांबी), तर मुली १५२/१५५ किंवा १५५/१५८, निम्म्या निम्म्या. आठपैकी आठ मुलींना राणीचा एकच ॲलील मिळण्याची शक्यता १२८ त एक, म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही सापडतात. मग एका कॉलनीमागे तीन स्वतंत्र प्रती मिळतात, राणीच्या दोन आणि बापाची एक, आणि बाप बाहेरून उडत आलेला असल्यामुळे तो शेजारच्या कुठल्यातरी कॉलनीची बातमी घेऊन आलेला असतो. ३० कॉलन्यांतून ६० ऐवजी ९० प्रती. खर्च वाढतो हे खरं, पण नवीन ठिकाणी फिरून आणखी १५ कॉलन्या शोधण्यापेक्षा कधीकधी हे परवडतं. आणि कॉलनीत चौथा ॲलील दिसला की घाबरू नका, आधी विचार करा: राणी नुकतीच बदललीय का, शेजारच्या घरातली माशी चुकून आलीय का, की राणीने खरंच दोन नवरे केलेत. एकाच लोकसवर एकाच माशीत दिसला तर बहुतेक टायपिंगची चूक, चार-पाच लोकसवर तीच माशी वेगळी दिसली तर ती पाहुणी.

आता नरांचं. तुम्ही प्रश्नात नरांचा उल्लेखच केला नाहीये, आणि माझ्या मते या सगळ्या कामात तीच सगळ्यात मोठी उणीव आहे. लोक कामकरी गोळा करतात कारण त्या घराच्या तोंडाच्या नळीतून सतत ये-जा करत असतात, पूटर, म्हणजे माश्या ओढून घ्यायचं साधन, लावला की दहा मिनिटांत बाटली भरते. नर शोधावे लागतात. पण डंख नसलेल्या माश्यांचे मार्कर बनवताना नर म्हणजे निसर्गाने फुकट दिलेलं टेस्टिंग किट आहे.

ओळखायचे कसे ते सांगते. एखाद्या घराच्या समोर, साधारण हातभर ते पुरुषभर अंतरावर, माश्यांचा एक विरळ ढग तरंगत असतो, तोंडं घराकडे, कोणी आत जात नाही, कोणी परागकण आणत नाही, नुसतं तरंगणं. तेच नर. आसपासच्या अनेक कॉलन्यांतून ते येतात, नव्या राणीची वाट बघत. संध्याकाळी जवळच्या वाळक्या काटकीवर ओळीने बसलेलेही मी पाहिलेत. जाळीने काढा, भिंगाखाली बघा, नराच्या मिशीला १३ खंड, मादीला १२, आणि मागच्या पायाची नडगी अरुंद, त्यावर परागकणांची टोपली नाही. मला जास्त करून काजू-आंबा मोहरलेला असताना मिळाले, तुमच्याकडे थोडं पुढेमागे असेल, पाऊसपाण्यावर आणि त्या वर्षीच्या फुलोऱ्यावर अवलंबून आहे. घराला धक्का न लावता आतून काढायचे असतील तर पेटीतली कॉलनी बरी, भिंतीतली नको.

पहिला उपयोग ओळख पटवण्याचा. आपण सगळे सरसकट टेट्रागोन्युला इरिडिपेनिस लिहून मोकळे होतो. ते नाव स्मिथने १८५४ साली दिलं तेही श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून, आणि भारतात सगळ्यांना तेच चिकटवत आले. गेल्या काही वर्षांत दक्षिण भारतातून, विशेषतः केरळातून, टेट्रागोन्युलाच्या बऱ्याच नवीन जाती वर्णन झाल्यात आणि त्यातल्या वेगळेपणाचा मोठा आधार नराचे जननावयव हाच आहे, कारण कामकरी बघून त्या एकमेकींपासून ओळखणं फार अवघड. म्हणजे तुमच्या १० कॉलन्यांत दोन जाती मिसळलेल्या असतील तर तुम्हाला कळणारच नाही, आणि मग हार्डी-वाईनबर्गचं अपेक्षित प्रमाण बसत नाही, हेटेरोझायगोट (दोन वेगळे ॲलील असलेल्या माश्या) कमी पडतायत म्हणून तुम्ही इनब्रीडिंगचं मोठं चॅप्टर लिहाल. प्रत्येक ठिकाणचे दोन-चार नर पिनवर लावून ठेवा, आणि डीएनए काढताना पंख नि डोकं जपून ठेवा.

ऑस्ट्रेलियातही हेच झालंय. तिकडची टेट्रागोन्युला कार्बोनारिया आणि तिची बहीण हॉकिंग्सी बाहेरून बघून वेगळ्या सांगता येत नाहीत, कार्बोनारियाचं अंड्यांचं पोळं मात्र गोल जिन्यासारखं चढत जातं आणि हॉकिंग्सीचं तसं नसतं. त्यात हॉकिंग्सीच्या माश्या कार्बोनारियाच्या घरावर हल्ला करून, हजारो माश्या मारून-मरून, घर बळकावतात. आता विचार करा, पेटीवर कार्बोनारिया लिहिलंय, आत राहतंय दुसरंच कोणीतरी. म्हणून घरात डोकावता येत असेल तर पोळ्याची रचना बघा, फोटो काढा.

तुम्ही म्हणाल सीओआय बारकोड, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या जीनचा जात ओळखायचा तुकडा, करून टाकतो. करा, ६५८ बेसचा तो तुकडा सगळेच करतात. पण या गटात मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे न्यूक्लिअसच्या जीनोममध्ये जाऊन बसलेले असतात आणि प्रायमर तेच उचलतो. कार्बोनारिया आणि हॉकिंग्सीमध्ये तर मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा जीनोमच दुप्पट झालेला सापडलाय. सँगर सीक्वेन्सिंगच्या क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे शिखरांच्या आलेखात, एकाखाली एक दोन शिखरं दिसली, किंवा प्रोटीनमध्ये भाषांतर केल्यावर मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रोटीन थांबायची खूण, आला, तर तो सीक्वेन्स बाजूला ठेवा, चांगला दिसतो म्हणून वापरू नका.

दुसरा उपयोग सीक्वेन्सिंगला. हॅप्लॉइड नरात प्रत्येक जागी एकच प्रत असल्यामुळे असेंब्ली, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांची जुळणी, स्वच्छ येते, दोन ॲलीलमुळे तुकडे फाटत नाहीत. एका नरातून डीएनए थोडा निघतो, माशीच साडेतीन-चार मिलिमीटरची, पण आताच्या इल्युमिना लायब्ररी किट्सना तेवढा पुरतो. पूर्वी आम्ही बायोटिनच्या प्रोबने रिपीट असलेले तुकडे मासे पकडल्यासारखे पकडायचो, क्लोन करायचो, मग शेकडो क्लोन सँगरला, वर्ष त्यातच जायचं. १९९८ मध्ये डंख नसलेल्या माश्यांचे पहिले मायक्रोसॅटेलाईट आले तेव्हाची मेहनत आत्ताच्या मुलांना सांगूनही खरी वाटत नाही. आता एक नर लो कव्हरेजवर, म्हणजे प्रत्येक जागा थोड्याच वेळा वाचून, सीक्वेन्स करा, कंप्युटरने रिपीट शोधा, प्रायमर थ्री या प्रोग्रॅमने प्रायमर काढा, दुपारपर्यंत हजारो जागांची यादी हातात.

यादी हजारोंची असली तरी कामाचे निघतात १२-१५च. माझा अंदाज असा की ४८ जोड्या मागवाव्यात, त्यातल्या साधारण निम्म्या नीट बँड देतात, त्यातल्या काही मोनोमॉर्फिक, म्हणजे सगळ्या माश्यांत सारख्याच, निघतात, काही गोंधळ घालतात आणि उरतात त्या. माश्यांचा जीनोम एटीने, म्हणजे ए आणि टी या बेसनी, भरलेला असतो, त्यामुळे रिपीटच्या बाजूचा भागही बऱ्याचदा एटी-एटी असतो आणि प्रायमर ढिला बसतो, तिथे हट्ट धरू नका, पुढची जागा घ्या, यादी मोठी आहे. दोन-दोन बेसचे रिपीट जास्त सापडतात आणि जास्त बदलतात, पण त्यांच्यात स्टटर येतो, मुख्य शिखराच्या अलीकडे दोन-दोन बेसवर छोट्या शिखरांची पायरी, आणि १५६/१५८ आहे की नुसतं १५८ हे ठरवताना डोळे फुटतात. म्हणून तीन आणि चार बेसचे मिळाले तर आधी ते. खूप लांब रिपीट मोहात पाडतात पण त्यात मोठा ॲलील अशक्त उमटतो आणि गळून जातो. मी १० ते १५ वेळा येणारे घेते, अगदी अखंड, मध्ये तुटलेले नाहीत असे.

फ्लोरोसंट प्रायमर महाग असतात हे तुम्हाला कोटेशन बघून कळलंच असेल. सुरुवातीच्या ४८ जोड्यांना रंग लावत बसू नका. फॉरवर्ड प्रायमरला एम१३ नावाची ठरावीक १८ बेसची शेपटी लावून घ्या आणि रंग फक्त एका कॉमन एम१३ प्रायमरला, ही युक्ती २००० सालापासून चालू आहे आणि आजही गरिबाचा आधार आहे. शेवटी जे १२-१५ टिकतील त्यांनाच स्वतःचे रंग द्या आणि मल्टिप्लेक्स करा, म्हणजे एका नळीत अनेक चालवा. रिव्हर्स प्रायमरच्या टोकाला चार बेसचं ते पिगटेल लावायला विसरू नका, नाहीतर टॅक एन्झाईम कधी एक ए जास्त जोडतं कधी नाही, आणि एकच ॲलील १५७ नि १५८ असा दोन ठिकाणी दिसतो. मी एकदा हे वाचवलं, दहा-बारा रुपयांसाठी म्हणा ना, आणि नंतर दोन महिने बिनिंग, म्हणजे कुठली लांबी कुठल्या ॲलीलची ते ठरवणं, करत बसले.

तिसरा उपयोग, जो मला सगळ्यात आवडतो, तो मार्कर तपासायचा. नल ॲलील म्हणजे प्रायमर जिथे बसतो तिथेच म्युटेशन, त्यामुळे ॲलील आहे पण दिसत नाही. कामकरी माशीत तो लपतो, कारण दुसरा ॲलील दिसतो आणि तुम्ही तिला होमोझायगोट, म्हणजे दोन्ही ॲलील सारखे असलेली, लिहून टाकता. समजा एका कॉलनीत निम्म्या माश्या १५५/१५८ दिसतायत आणि निम्म्या नुसत्या १५५. बाप १५५ आहे हे दिसतंय. राणी १५५/१५८ आहे का १५८ आणि नल आहे? कामकरींवरून सांगताच येत नाही, दोन्हीत चित्र तेच. त्याच राणीची पोरं बघा, म्हणजे नर. राणी १५५/१५८ असेल तर निम्मे नर १५५, निम्मे १५८. नल असेल तर निम्मे नर कोरे, जेलवर काहीच नाही. तेच नर दुसऱ्या लोकसवर छान उमटतायत, म्हणजे डीएनए चांगला आहे, म्हणजे हा लोकस टाकून द्या. मायक्रो-चेकरसारखी सॉफ्टवेअर नलचा अंदाज देतात, पण अंदाजच, आणि दोन जाती मिसळल्या असतील तर तेही फसतात. नर फसवत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की काही जातींत कामकरीही नराची अंडी घालतात, तेव्हा बापाचा ॲलीलही नरात दिसू शकतो, म्हणून चार नरांवर निकाल देऊ नका, १०-१२ घ्या. आणि हे नर त्याच घरातून काढलेले हवेत, समोर तरंगणाऱ्या ढगातले नाही, तो बाजार आहे, तिथे कोणाचे कोण आलेले असतात.

तसंच उलटं, नरात एका लोकसवर दोन शिखरं दिसली तर काहीतरी गडबड आहे, कारण त्याच्याकडे दोन प्रती असायलाच नकोत. एकच लोकस सगळ्या नरांत दोन दाखवतोय, तर ती जागा जीनोममध्ये डुप्लिकेट आहे, फेका. एकच नर बऱ्याच लोकसवर दोन-दोन दाखवतोय, तर तो डिप्लॉइड, म्हणजे दोन प्रतींचा, नर. तो फार महत्त्वाचा, फेकू नका. या माश्यांत नर की मादी हे एका लोकसवर ठरतं, तिथे दोन्ही ॲलील सारखे आले की मादी व्हायची ती डिप्लॉइड नर होते, बिनकामाची. लहान, तुटलेल्या वस्त्यांत असे नर वाढतात. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये केर आणि वेंकोव्स्की या संशोधकांनी हिशोब मांडला होता की ४४ पेक्षा कमी कॉलन्या राहिल्या तर याच कारणाने वस्ती संपते. तो ४४ आकडा मग सगळीकडे फिरला, आपल्याकडेही पीपीटीत दिसतो. पण नंतर ब्राझीलमध्येच, साओ सिमाव गावात, मेलिपोना स्कुटेलारिस या तिकडच्या डंख नसलेल्या माशीच्या फक्त दोन कॉलन्यांपासून वाढवलेली वस्ती दहा वर्षांहून जास्त टिकली, हे २०११ मध्ये छापून आलं. तेव्हा ४४ ला ब्रह्मवाक्य मानू नका, तुमचे नर मोजा.

इथवरचं एकदा पटकन: पॉप्युलेशनसाठी कॉलनी हे एकक आणि कॉलनीमागे एक कामकरी, राणी-बापाचा जिनोटाईप हवा असेल तर आठ, जात नरावरून पक्की करा, प्रायमर नराच्या जीनोमवरून काढा आणि त्याच घरच्या नरांवर तपासा.

आता प्रायमर उसने की स्वतःचे. ॲपिस मेलिफेराचे, म्हणजे पेटीतल्या इटालियन मधमाशीचे, प्रायमर कोणी सुचवले तर नम्रपणे नको म्हणा, दोघींचे फाटे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेत, ४० तले दोन-तीन चालतील आणि तेही कदाचित एकाच ॲलीलचे. ऑस्ट्रेलियन टेट्रागोन्युलाचे जवळचे आहेत, बरेच उमटतीलही. पण ते निवडलेत तिकडच्या माशीत जास्त बदलतात म्हणून. आपल्या माशीत तेवढे बदलतीलच असं नाही, साधारण कमीच बदलतात, आणि मग तुम्ही लिहाल की भारतीय वस्तीत विविधता कमी आहे, जे माशीबद्दल नसून प्रायमरबद्दल असेल. बजेट अगदीच नसेल तर तिकडचे २० घेऊन आधी ८ माश्यांवर, वेगवेगळ्या कॉलन्यांच्या, चालवून बघा. एक सीक्वेन्सिंग रन परवडत असेल तर स्वतःचे बनवा.

एसएनपीचं अवलंबून आहे. हजारो एसएनपी मिळाले तर घाटाच्या दोन बाजूंमधला बारीक फरकही दिसतो, लॅब बदलली तरी आकडे तेच राहतात, मायक्रोसॅटेलाईटमध्ये दुसऱ्या मशीनवर १५५ चं १५६ होतं आणि जुना डेटा जोडताना रडायला येतं. पण डीडीरॅडला, म्हणजे एसएनपी काढायच्या एका पद्धतीला, बऱ्यापैकी डीएनए लागतो, या एवढ्याशा माशीतून तो दरवेळी निघत नाही, आणि लॅबमध्ये बायोइन्फॉर्मॅटिक्स करणारं माणूस लागतं, जे बऱ्याच विद्यापीठांत नसतं, असलं तर त्याच्यामागे दहा जणांची रांग असते. कॉलन्या ओळखणं, नातं, नरांच्या ढगात किती घरांचे नर आहेत, यासाठी १२-१५ चांगले मायक्रोसॅटेलाईट आजही पुरतात आणि ३०० माश्या तुम्ही स्वतःच्या हाताने एका वर्षात संपवू शकता. तुमच्या जागी मी असते तर एकाऐवजी चार-पाच नर वेगवेगळ्या तालुक्यांतले सीक्वेन्स केले असते. त्याच डेटातून कुठले रिपीट खरोखर बदलतात ते कंप्युटरवरच दिसतं, ४८ ऐवजी २४ प्रायमरमध्ये भागतं, आणि एसएनपीही पुढेमागे कोणी करायचे म्हटलं तर तयार असतात. याला गाईडला पटवायला दोन चहा लागतील.

नमुने घेण्याबद्दल अजून थोडं, कारण तिथे चुकलं तर मार्कर सोन्याचे असले तरी उपयोग नाही. आपल्याकडे जुन्या चिऱ्याच्या भिंतीत एकाच घराला सहा-सात नळ्या दिसतात, राळेच्या, काळपट, बोटाएवढ्या, तोंडाशी पहारेकरी माश्या. मोह होतो की एकाच अंगणात सहा कॉलन्या मिळाल्या. पण या माश्यांचा नवीन संसार आईच्या घरातून मेण, राळ, मध नेऊन नेऊन उभा राहतो, त्यामुळे मुलगी आईपासून फार लांब जाऊच शकत नाही, काहीशे मीटर फार तर. त्या सहा नळ्या बऱ्याचदा आई, मुली आणि मावश्या असतात. एका वाडीतून एक-दोन घ्या आणि पुढच्या वाडीत जा, प्रत्येकीचं जीपीएस टिपा. याच कारणाने मायटोकॉन्ड्रिया, जो आईकडून येतो, तो गावागावात वेगळा दिसेल आणि मायक्रोसॅटेलाईट कमी वेगळे दिसतील, कारण नर लांब उडतात. दोन्हीत फरक आला तर डेटा चुकला असं समजू नका, माश्या तशाच वागतात.

आणि घरमालकाला विचारा की ही कॉलनी इथलीच का आणलेली. पेटीतून, मडक्यातून, बांबूतून कॉलन्या विकत आणणारे लोक आता कोकण-गोव्यातही भेटतात, केरळातून आलेल्या पेट्या मी स्वतः पाहिल्यात. अशी एक पेटी तुमच्या राजापूरच्या लिस्टमध्ये घुसली की पालघाट खिंडीच्या पलीकडची माशी कोकणात नैसर्गिकपणे पोचते असा निष्कर्ष निघेल. ऑस्ट्रेलियात पेट्यांच्या अशा नेआणीमुळे कार्बोनारियाची जेनेटिक रचनाच बदलत चाललीय असं दिसलंय. शंका असेल तर भिंतीतली, झाडाच्या ढोलीतली घ्या, पेटीतली वेगळ्या यादीत.

परवानगीचं विसरू नका, अभयारण्यात वनखात्याची लागते, आणि नमुने किंवा डीएनए बाहेरच्या देशात सीक्वेन्सिंगला पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा लागू होतो, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. बंगळूर, हैदराबाद, पुण्यात सीक्वेन्सिंग होतं, कशाला त्या भानगडीत पडायचं.

डीएनए काढताना पोट काढून टाका, छाती आणि पाय घ्या. पोटात परागकण आणि बॅक्टेरिया असतात, आणि सीक्वेन्सिंग करणार असाल तर अर्धे रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, काजूचे नाहीतर लॅक्टोबॅसिलसचे यायचे. पायाला राळ चिकटलेली असते, ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची क्रिया, अडवते, म्हणून आधी ताज्या इथेनॉलमध्ये एकदा हलवून घ्या. एखाद्या माशीच्या डीएनएवर पीसीआर अडलं तर तो पाणी घालून दहापट पातळ करून बघा, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच चालतं.

तुमच्या २०० माश्या कशात ठेवल्यात ते तुम्ही लिहिलं नाहीये. आज संध्याकाळीच बाटलीचं लेबल वाचा. ९५ टक्क्यांचं किंवा ॲब्सोल्यूट इथेनॉल असेल तर एकदा बदलून फ्रीझरमध्ये टाका. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट असेल तर आज रात्रीच बदला आणि उद्या दोन माश्यांचा डीएनए काढून जेलवर पळवा. वर एक घट्ट बँड दिसला तर वाचलात, खालपर्यंत धुरासारखा पट्टा दिसला तर त्या माश्या पिनवर लावा आणि मोहर यायची वाट बघा. मग जाताना जाळी घेऊन जा, नरांसाठी.